घरच्या लेथ-मिलिंगसाठी कूलंट: कुठला, किती, आणि तो नासू नये म्हणून काय

कूलंट म्हणजे धातू कापताना टूल आणि जॉब (कापायचा तुकडा) थंड ठेवणारा, वंगण देणारा द्रव. कारखान्यातला कूलंट रोज दोन-तीन पाळ्या फिरत असतो. घरच्या शेडमधला शनिवार-रविवारी तासभर फिरतो आणि उरलेले दिवस टाकीत झाकून पडतो. घरगुती वापरातल्या बहुतेक तक्रारी, म्हणजे वास, गंज, वर धरलेली चिकट साय, या पडून राहण्यातून येतात. त्यामुळे वीस लिटरची टाकी आणि पंप विकत घेण्याआधी कमीत कमी कशावर भागेल ते पाहावं. बऱ्याच जणांचं एका ब्रशवर भागतं.

लागतो कधी, लागत नाही कधी

एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) टूल साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडू लागतं. त्याच्या खूप खालीच राहायचं असेल तर वेग आवरला की पुरे. माइल्ड स्टीलला कोरड्यात मिनिटाला २५ मीटर धरा. आरपीएमचं सूत्र सोपं आहे: ३१८ गुणिले मीटरमधला वेग, भागिले मिलिमीटरमधला व्यास. म्हणजे २५ मिमीच्या सळईला ३१८ आरपीएम. या वेगात अर्धा मिमी कट घेत चाललात तर टूल कूलंटशिवाय आरामात टिकतं. चिपच्या, म्हणजे कापून निघणाऱ्या कीसाच्या, रंगावर लक्ष ठेवा. एचएसएसवर फिकट पिवळी चिप ठीक, निळी होऊ लागली की वेग कमी करा किंवा ओलं करा. कार्बाइडवर (जास्त उष्णता सोसणारं कठीण टूल) मात्र निळी चिप नेहमीचीच. तिला घाबरू नका.

खरी अडचण मापात येते. स्टील दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन फुगतं. ६२०५ बेअरिंगसाठी २५ मिमीचा शाफ्ट घासताय आणि जॉब खोलीपेक्षा ४० अंशांनी गरम आहे, असं समजा. गरम असताना घेतलेलं माप थंड झाल्यावर १२ मायक्रॉननं कमी भरेल. के६ फिटची (बेअरिंग घट्ट बसावं म्हणून शाफ्टच्या मापाला दिलेली मुभा) पूर्ण पट्टी असते अधिक २ ते अधिक १५ मायक्रॉन, म्हणजे १३ मायक्रॉनची. गरम मापात मधोमध बसलेला शाफ्ट थंड झाल्यावर बेअरिंगमध्ये ढिला होतो, आणि दोष मायक्रोमीटरवर जातो. शेवटचा कट घेण्याआधी जॉब गार करायला कूलंट हवा, नाहीतर चहा पिऊन यायचा धीर हवा.

धातूनुसार हिशोब बदलतो. बीड (कास्ट आयर्न) कोरडंच कापावं. त्यात ग्राफाइट असतं, ते स्वतःच वंगणाचं काम करतं. वर कूलंट ओतला तर काळा चिखल होतो आणि तो स्लाइडखाली जाऊन बसतो, लॅपिंग पेस्टसारखा. पितळही कोरडं चालतं. अॅल्युमिनियम टूलच्या टोकाला चिकटतं, तिथे वंगण हवंच: रॉकेल, डब्ल्यूडी-४० किंवा पातळ दुधाळ कूलंट (पाण्यात मिसळलेलं तेल), तिन्ही चालतात. ३०४ स्टेनलेसला जाडसर मिश्रण आणि सतत धार लागते, कारण टूल एका जागी घासत राहिलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट बसत नाही. तांबं-पितळ कापताना गंधकयुक्त कटिंग ऑइल टाळा, धातू काळा पडतो. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंवर पाणी असलेलं काहीही वापरू नका. त्याचा बारीक कीस पाण्याशी हायड्रोजन सोडतो आणि एकदा पेटला तर पाण्यानं विझत नाही.

कार्बाइड इन्सर्टबाबत एकच नियम: धार सतत द्या, नाहीतर अजिबात देऊ नका. मध्येच ब्रशनं चार थेंब टाकले तर तापलेली धार अचानक गार होते आणि तिला केसासारखे तडे जातात. मिलिंगमध्ये प्रत्येक दात आत-बाहेर करतो, म्हणून कार्बाइड एंडमिलनं स्टील कापताना हवेचा झोत बरा. बेंच ग्राइंडरवर कार्बाइड घासून लगेच पाण्यात बुडवण्याची सवयही याच कारणानं वाईट.

ब्रश, थेंब, फवारा, धार

ब्रश आणि डबी: टॅपिंग, रीमिंग, डायनं आटे पाडणं, पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) यांना पाणी मिसळलेल्या कूलंटपेक्षा जाड, न मिसळलेलं कटिंग ऑइल जास्त उपयोगी. इथे थंडाव्यापेक्षा वंगण महत्त्वाचं आहे. छोटी झाकणाची डबी आणि नैसर्गिक केसांचा ब्रश घ्या. नायलॉनचे केस गरम चिपवर वितळतात. ब्रश फिरत्या जॉबच्या त्या बाजूनं लावा जिथून तो बाहेर ढकलला जाईल, आत ओढला जाणार नाही.

थेंब: मेडिकलमध्ये मिळणारा नवा, सीलबंद सलाईन सेट यासाठी छान चालतो. कापसाची बोळी किंवा चिंधी कधी वापरू नका. ती जॉबला गुंडाळते आणि मागोमाग बोटं जातात. प्रौढांसाठीच्या नेहमीच्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. मिनिटाला ६० थेंब ठेवले तर ३ मिलि, तासाला १८० मिलि. बाटली टूलच्या वर अर्धा मीटर टांगा, चाकाच्या क्लॅम्पनं वेग लावा, आणि टोकाला सुईऐवजी ३ मिमीची तांब्याची नळी बसवा म्हणजे हवी तशी वाकवता येते. यातून दुधाळ कूलंट नीट उतरतो. जाड तेल उतरत नाही आणि रॉकेलनं नळी काही आठवड्यांत ताठ होते. तीन-चार लिटरचा ट्रे खाली असला की छोट्या लेथला, ड्रिल मशीनला आणि पॉवर हॅकसॉला वर्षभर एवढं पुरतं.

फवारा: हवेबरोबर बारीक थेंब मारणारी ही पद्धत मिलिंगला फार सोयीची. चिप उडून जाते, पसारा कमी होतो. पण हे धुकं फुफ्फुसात जातं. अमेरिकेतली निऑश ही संस्था धातुकामाच्या द्रवाच्या धुक्याची मर्यादा हवेत घनमीटरला ०.४ मिलिग्रॅम एवढी कमी सांगते, आणि बंद शेडमध्ये मोकळा फवारा ती सहज ओलांडतो. म्हणून दाब एक बारच्या आसपास ठेवा, द्रव इतका कमी की नोझलसमोर आरसा धरला तर ठिपके दिसावेत, हवेत ढग दिसू नये. वापराल ते वनस्पती तेलावर आधारित, याच कामासाठी विकलं जाणारं तेल असू द्या. टाकीतला शिळा कूलंट फवाऱ्यात भरणं हा सर्वांत वाईट प्रकार: त्यातले जिवाणूही तुम्ही श्वासात घेता. आणखी एक, छोट्या एक एचपी कॉम्प्रेसरला सतत हवा झेपत नाही. तो दर दोन मिनिटांनी चालू होत राहिला तर नोझल बदला, कॉम्प्रेसर बदलायची घाई नको.

धार: स्टेनलेस, लांब टर्निंग, बँडसॉ, सरफेस ग्राइंडर, किंवा तासन् तास चालणारं सीएनसी राउटरचं काम असेल तरच पंप-टाकीचा खटाटोप करा. सरफेस ग्राइंडरला तर पर्याय नाही.

धारेची जोडणी

आधी मशीन पाहा. छोट्या बेंच लेथचा डीसी मोटर बहुधा बेडच्या मागे उघड्या जाळीचा असतो आणि वेगाचा बोर्ड त्याच्याच शेजारी. चकवरून (जॉब धरून फिरणारा भाग) उडालेलं पाणी तिथवर जातंच. पत्र्याचा आडोसा बसवल्याशिवाय आणि बोर्डाच्या खोक्याच्या फटी बंद केल्याशिवाय धार सुरू करू नका. हवेची जाळी मात्र बुजवू नका, मोटर जळेल. जाळीवर खाली उघडणारं झाकण द्या.

टाकी: ४५ × ३० × २० सेंमीचा प्लॅस्टिकचा क्रेट किंवा स्टेनलेसचा डबा घ्या. १५ सेंमीपर्यंत भरला की वीस लिटर होतात. वरची ५ सेंमी मोकळी ठेवायची, कारण पंप बंद होताच ट्रेमधलं आणि पाइपमधलं सगळं पाणी परत येतं. दोन लिटर परत आले की पातळी दीड सेंमी चढते. जस्ताचा पत्रा वापरू नका. कूलंट अल्कधर्मी असतो, जस्ताशी त्याचं जमत नाही.

आत दोन आडव्या पट्ट्या बसवा. पहिली तळाला चिकटलेली, १२ सेंमी उंच: पाणी तिच्यावरून जातं आणि भुगा अलीकडे बसतो. दुसरी वरच्या काठापासून खाली आलेली, तळाशी ४ सेंमी फट ठेवून: पाणी तिच्या खालून जातं आणि तरंगतं तेल अलीकडे अडतं. पंप तिसऱ्या कप्प्यात. दुसऱ्या पट्टीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग महिन्याभरात सगळी टाकी तेलकट होते. तरंगणारं तेल हे स्लाइडवरून धुऊन आलेलं असतं, ते कप्प्यातून टिपून काढता आलं की निम्मी निगा झाली.

पंप: मशीन टूलचा उभा कूलंट पंप घ्या, ०.१ एचपी, सिंगल फेज. मोटर वर कोरडी राहते, पंखा खाली बुडालेला असतो आणि पाण्यात सील नसल्यामुळे थोडा भुगा गेला तरी चालतो. जुन्या बाजारात मिळणारे बरेच थ्री फेज असतात, प्लेट वाचून घ्या. डेझर्ट कूलरचा १८ वॅटचा पंप स्वस्त पडतो, पण जमिनीवरच्या टाकीतून सव्वा मीटर वर नोझलपर्यंत तो नावापुरतंच पाणी चढवतो. शिवाय तेलानं त्याचं प्लॅस्टिक फुगतं आणि वायरीसकट तो पाण्यात बुडालेला असतो. किमान अडीच मीटर हेड (पाणी चढवण्याची उंची) लिहिलेला पंप हवा. छोट्या लेथला मिनिटाला ४-५ लिटर पुरेत. तपासायला एक लिटरचा मग धरा: १२ ते १५ सेकंदांत भरला पाहिजे.

धार कमी-जास्त करायला नोझलजवळ पाव इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह. सेंट्रिफ्यूगल पंप असा वरून दाबला तरी बिघडत नाही. डायफ्रॅम किंवा गिअर पंप असेल तर मात्र व्हॉल्व्हच्या आधी टी बसवून जास्तीचं पाणी टाकीत परत सोडायला वाट द्या, नाहीतर पाइप निसटेल किंवा पंप जाईल. डायफ्रॅम पंपाच्या झडपेत एक बारीक चिप अडकली तरी तो बसतो, त्याला आत येणाऱ्या बाजूला जाळी हवीच.

परतीचा मार्ग: इथे कंजुषी नको. वर १२ मिमीची नळी असली तरी परत येताना किमान ३२ मिमीचा पाइप, मीटरला २-३ सेंमी उतार, आणि एकही काटकोनी वळण नको. परतीला दाब नसतो, फक्त उतार असतो. नऊ इंची चिपची गुंतवळ एल्बोमध्ये अडकली की ट्रे भरून जमिनीवर सांडतो. ट्रेच्या तोंडाला भोकाच्या पत्र्याची मोठी चाळण आणि पाइपच्या टोकाखाली स्टीलची चहाची गाळणी. गाळणीशेजारी स्पीकरचं जुनं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून टांगा. पिशवी उलटली की सगळा लोखंडी भुगा निघतो.

वीज: पंपाला वेगळा स्विच, व्यवस्थित अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). यात तडजोड नाही. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे ओघळ सॉकेटात न जाता खाली गळतो.

सगळं जोडल्यावर चाचणी साध्या पाण्यानं मशीनवर घेऊ नका. बेड रात्रीत लाल होतो. नोझल बादलीत सोडून गळती पाहा, पाणी काढून टाका, मग कूलंट भरा.

मिश्रण

घरासाठी दुधाळ सोल्युबल ऑइलच घ्या. सर्वोकट एस हे त्यातलं आपल्याकडे सहज मिळणारं. सिंथेटिक कूलंट पारदर्शक दिसतात आणि उशिरा नासतात, पण स्लाइडचं तेल आणि कधी रंगही धुऊन नेतात. दुधाळ प्रकारात पाणी उडून गेलं की मागे तेलाचा पातळ थर राहतो. आठवडाभर बंद असणाऱ्या मशीनला तोच थर वाचवतो.

पाणी सर्वांत जास्त दुर्लक्षित. बोअरचं जड पाणी घेतलं तर तेल फुटून साबणासारखी साय वर येते आणि नोझल तुंबते. अगदी मऊ पाण्याला फेस फार येतो. नळाचं गोड पाणी मिळत असेल तर उत्तम. फक्त बोअर असेल तर निम्मं बोअरचं, निम्मं आरओचं घ्या. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी चुकूनही वापरू नका. क्षार त्यात एकवटलेले असतात, गंज हमखास.

१. वेगळ्या बादलीत १९ लिटर पाणी घ्या.
२. काठीनं ढवळत एक लिटर तेल बारीक धारेनं सोडा. तेल पाण्यात, पाणी तेलात कधीच नाही. उलट केलं तर दह्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या कितीही ढवळल्या तरी मोडत नाहीत.
३. रंग एकसारखा पांढरा झाला की टाकीत ओता.

हे ५ टक्के झालं, माइल्ड स्टील आणि अॅल्युमिनियमला पुरेसं. स्टेनलेसला ८ ते १०. तीन टक्क्यांखाली गेलात तर गंज येतो.

प्रमाण मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर हवा. ऊस आणि द्राक्षाचे बागायतदार गोडी बघायला वापरतात तोच, ० ते ३२ ब्रिक्सचा. शेतीच्या दुकानात मिळतो. आधी साध्या पाण्याच्या थेंबावर शून्य लावा, मग कूलंटचा थेंब. वाचनाला डब्यावर छापलेल्या गुणकानं गुणा. दुधाळ तेलांचा गुणक एकच्या जवळ असतो, सिंथेटिकचा बराच जास्त. तिथे नुसतं वाचन धरलंत तर फसाल.

उन्हाळ्यात पाणी उडतं, तेल राहतं. वीस लिटरचे चौदा झाले तर ५ टक्क्यांचे ७ होतात. सहा लिटर पाणी घालताना त्यात १०० मिलि तेल मिसळूनच घाला, कारण चिपबरोबर थोडं तेलही बाहेर गेलेलं असतं.

पाणी चालेल की नाही याची खात्री घरीच होते. बीडाचा ताजा कोरडा कीस फिल्टर कागदावर चमचाभर पसरा, तयार मिश्रणानं भिजवा, झाकून दोन तास ठेवा, मग कीस झटका. कागदावर तांबूस डाग उमटले तर तेल वाढवा किंवा पाणी बदला.

नोझल कुठे रोखायची

बहुतेक जण जॉबवर पाणी सोडतात. ते पाणी चक उडवून भिंतीवर टाकतो. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी १९०६ साली मांडलेल्या धातुकर्तनावरच्या निबंधात सांगितलं होतं की चिप टूलवरून सुटते नेमक्या त्या जागी जाड धार सोडली तर स्टील कापण्याचा वेग ४० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. जागा आजही तीच. टूलच्या वरून, टोकापासून २-३ सेंमीवर, जाड पण संथ धार. जोर नको, जोरानं फक्त उडतं.

पार्टिंगमध्ये वरून दिलेलं पाणी चिपच अडवते. नोझल चपटी करून खाचेच्या बाजूनं आत घाला. ड्रिलमध्ये व्यासाच्या तिप्पट खोली गेली की पाणी तळाशी पोचत नाही, त्यापुढे दर एक व्यास खोलीला ड्रिल पूर्ण बाहेर काढा. बँडसॉला पातं जॉबमध्ये शिरतं तिथे दोन्ही बाजूंनी. जोडाजोडीच्या प्लॅस्टिक मणक्यांची नळी सोयीची, पण चकच्या जबड्यापासून चार बोटं लांब ठेवा आणि चक हातानं एक पूर्ण फेरा फिरवून पाहिल्याशिवाय मोटर चालू करू नका.

पडून राहणाऱ्या कूलंटची निगा

वर तेलाचा थर बसला की खाली हवा जात नाही, आणि बिनहवेचे जिवाणू वाढतात. सोमवारी झाकण उघडल्यावर येणारा सडक्या अंड्याचा वास त्यांचाच. म्हणून दर कामानंतर मधल्या कप्प्यातलं तरंगतं तेल जुन्या वर्तमानपत्राचा कागद पसरून टिपा आणि मासे पाळायच्या टाकीचा छोटा हवेचा पंप दिवसातून तासभर टायमरवर लावा. थोडी हवा बुडबुडत राहिली तरी फरक पडतो. पीएच पट्टी ८.५ ते ९.५ मध्ये हवी, ८.५ च्या खाली उतरली की गंज आणि वास दोन्ही दारात. फिनेल, डेटॉल, ब्लीचिंग पावडर घालून वास दबतो, पण क्लोरीननं बेड चावला जातो. वास पक्का झाला तर टाकी रिकामी करा, धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यानं घासा, कप्प्यांचे कोपरे आणि पाइपसुद्धा, मग नवं भरा. थोडं जुनं ठेवून वर नवं ओतणं म्हणजे विरजण लावणं.

काम संपल्यावर बेड पुसून ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल लावा. मिलिंगचा वाइस महिन्यातून एकदा उचला. त्याखाली अडकलेलं पाणी टेबलाला चौकोनी डाग पाडतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि किनाऱ्यावर, जूनमध्ये टाकी रिकामी करून सप्टेंबरपर्यंत सलाईन सेटवर चालवणं शहाणपणाचं.

दुधाळ कूलंट हुबेहूब दुधासारखा दिसतो. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तो कधीच ठेवू नका, डब्यावर मोठ्या अक्षरात नाव घाला, टाकीला मांजर तोंड घालणार नाही असं झाकण द्या. हात साबणानं धुवा. ओल्या हातांनी तासन् तास काम केलं तर बोटांच्या बेचक्यात पुरळ येते. हातमोजे घालून लेथवर मात्र उभं राहायचं नाही.

संपलेला कूलंट मोरीत, विहिरीजवळ किंवा झाडांना घालू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडतं. उघड्या पसरट घमेल्यात, सावलीत पण पाऊस लागणार नाही असं ठेवलं की पंधरा दिवसांत पाणी बरंच उडतं आणि वीस लिटरचे दोन-तीन लिटर उरतात. ते कॅनमध्ये भरून, ज्या वर्कशॉपचा कचरा अधिकृत गाडी उचलते तिथे विचारून द्या. भुगा आधी गाळणीवर रात्रभर निथळू द्या. कोरडा असेल तर भंगारवाला वजनावर घेतो, ओला असेल तर पाण्याचे पैसे कापतो.